परसांतील शिंजीर

पक्षी पाहावयाचे म्हणजे अरण्यांत गेलें पाहिजे, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. मोठी दुर्बीण, मातकट रंगाचा पोशाख, पहाटे निघणारी मोटार आणि रात्रीं दमून परत येणें, हें सर्व केल्याखेरीज पक्षिनिरीक्षण झालें असें त्यांस वाटत नाहीं. आज मी ज्या पक्ष्याविषयीं दोन शब्द सांगणार आहें, त्याच्या भेटीसाठीं ह्यांपैकीं कशाचीही गरज नाहीं. घरामागें चार हात जमीन असावी, तींत एखादी जास्वंद, एखादी केळ, कुंपणावर एखादी वेल असावी, आणि पाहणाऱ्याच्या अंगीं अर्धा तास स्वस्थ बसण्याची तयारी असावी, एवढें पुरे. किंबहुना ह्या सर्वांत शेवटचीच वस्तु मिळण्यास अधिक कठीण!

हा पक्षी म्हणजे शिंजीर. ह्यास सूर्यपक्षी असेंही म्हणतात. आकारानें चिमणीहून लहान, सारी लांबी सुमारें १० सेंटिमीटर. चोंच बारीक, लांब आणि खालीं वांकलेली. मी प्राणिशास्त्र शिकलेला नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें आणि त्यानंतरचीं वर्षें खडू व फळा ह्यांच्या संगतींत गेलीं. परंतु शाळेंतून निवृत्त झाल्यावर मुलानें मला एक कॅमेरा आणून दिला, आणि तेव्हांपासून सकाळचे दोन तास परसांतल्या पायरीवर बसण्याचा मला नाद लागला. त्या पायरीवरून जें दिसलें आणि त्याविषयीं पुढें जें वाचलें, तेंच आपणांपुढें ठेवितों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. आमच्या आळींतील मुलें ह्या पक्ष्यास सर्रास 'हमिंगबर्ड' म्हणतात. मुलेंच कशाला, चांगलीं शिकलेलीं माणसेंही मोबाइलवर काढलेलें चित्र पुढें करून 'आमच्या गॅलरींत हमिंगबर्ड येतो' असें अभिमानानें सांगतात. ही चूक क्षम्य आहे, पण ती चूकच आहे. हमिंगबर्ड हा सर्वस्वीं अमेरिकेचा रहिवासी. उत्तरेस अलास्कापासून दक्षिणेस तिएरा देल फ्वेगोपर्यंत त्याच्या साडेतीनशेंच्या आसपास जाति आहेत. पण महासागर ओलांडून इकडच्या जगांत आज त्यांपैकीं एकही राहत नाहीं. 'आज' हा शब्द मीं मुद्दाम घातला. जर्मनींत सुमारें ३ कोटि वर्षांपूर्वींच्या थरांत हमिंगबर्डच्या कुळांतील पक्ष्याचे अवशेष सांपडले व त्यांचें वर्णन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे कोणे एके काळीं हें कूळ युरोपांतही नांदत होतें. पुढें तें तेथून नाहींसें झालें.

हमिंगबर्डचें सारें सामर्थ्य त्याच्या पंखांत आहे. उत्तर अमेरिकेंतील माणकासारख्या लाल गळ्याचा हमिंगबर्ड एका सेकंदांत सुमारें ५० वेळां पंख हलवितो. त्यामुळें तो फुलासमोर हवेंत एके ठिकाणीं स्थिर राहतो, इतकेंच नव्हे, तर उलट दिशेनेंही उडूं शकतो. क्यूबा बेटांतील एका जातीचा हमिंगबर्ड तर अवघा दोन ग्रॅम वजनाचा; जगांतील सर्वांत लहान पक्षी तोच. आमचा शिंजीर ह्या बाबतींत संसारी माणसासारखा आहे. तोही प्रसंगीं फुलासमोर क्षणभर फडफडतो. पण बहुधा डहाळीवर नीट बसून, मान वांकवून, वेळीं उलटा लोंबकळूनही, मध चाखतो. फूल फार लांब असलें, तर त्याच्या बुडाशीं बाहेरून भोंक पाडून मध चोरण्यासही तो मागेंपुढें पाहत नाहीं.

नात्यानें पाहिलें तर दोघे अगदीं दूरचे. हमिंगबर्ड हा पाकोळीचा भाऊबंद. शिंजीर हा चिमण्यांच्या मोठ्या गणांतला. मग चेहरामोहरा एवढा सारखा कसा? देवमासा हा मासा नव्हे, तरी पाण्यांत राहून त्याचा आकार माशासारखा झाला. तोच न्याय येथें लागू आहे. नळीसारख्या फुलांतील मध काढण्याचा उद्योग दोघांनींही पत्करला आणि त्या उद्योगानें दोघांनाही सारखीं हत्यारें दिलीं. आमच्या परसांतच ह्याची साक्ष आहे. हॅमेलिया नांवाचें, नारिंगी-तांबड्या नळकांड्यांसारख्या फुलांचें एक झुडूप पुष्कळ बागांतून दिसतें. तें मूळचें अमेरिकेच्या उष्ण भागांतलें. तिकडे त्याच्या फुलांवर हमिंगबर्ड येतात. इकडे त्यास हमिंगबर्ड भेटला नाहीं. पण तें फूल कसें चाखावें हें शिंजिरास कोणीं शिकवावें लागलें नाहीं. आपल्याकडील पांगारा, पळस आणि बांडगूळ ह्यांचीं फुलें तर त्याच्या नित्य परिचयाचीं. मध घेतां घेतां कपाळास लागलेला पराग दुसऱ्या फुलावर नेऊन तो झाडांचें ऋण फेडितो. डॉ. सालिम अली यांनीं १९३२ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत भारतांतील फुलें आणि पक्षी ह्यांच्या ह्या देवघेवीवर विस्तारानें लिहिलें होतें.

आमच्याकडे येतो तो जांभळा शिंजीर. विणीच्या दिवसांत नर दुरून काळाकुट्ट दिसतो. पण ऊन पडतांच निळी, जांभळी, हिरवी झांक त्याच्या अंगावर खेळूं लागते. ही झांक रंग कालवून आलेली नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततांना ती उत्पन्न होते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून तो जरा वळला कीं पुन: काळा! मादी वरून मातकट-हिरवट आणि खालून फिकट पिवळी. वीण संपली कीं नर आपला राजपोशाख उतरून ठेवितो व पुष्कळसा मादीसारखाच साधा होतो. गळ्यापासून खालीं एक काळी रेघ तेवढी उरते. 'पावसाळ्यानंतर ते काळे पक्षी कोठें गेले हो?' असें पुष्कळजण मला विचारतात. ते कोठें गेलेले नसतात. त्यांनीं कपडे बदललेले असतात.

आतां ह्या वर्षींची हकीकत सांगतों. माघाच्या अखेरीस मादीनें घरटें बांधावयास घेतलें, तें आमच्या मागल्या दाराबाहेरच. तेथें छपराच्या वाशापासून विजेची एक जुनी तार लोंबते. दिवा केव्हांच काढून टाकलेला, तार मात्र तशीच राहिलेली. त्या तारेच्या टोंकास प्रथम कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंडाळले गेले. मग त्यांत गवताच्या काड्या, सालीचे कपचे, वाळलेलीं पानें, सुरवंटांची विष्ठा असें काय काय चिकटविलें गेलें. हा सारा खटाटोप एकटी मादी करी; नर जवळच्या शेवग्यावर बसून गात असे. आठदहा दिवसांत वीतभर लांबीची एक पिशवी तयार झाली. तिला बाजूनें दार आणि दारावर छज्ज्यासारखा पुढें आलेला पडदा. पाहणाऱ्यास वाटावें कीं वाऱ्यानें उडून अडकलेला केरच आहे. आणि तसें वाटण्यांतच त्या बांधणीची सुरक्षितता आहे.

ह्याच सुमारास घरास रंग देण्याचें ठरलें होतें. पाडव्यानंतर पंधरा दिवसांनीं पुतणीचें लग्न. पाहुणे आमच्याकडेच उतरावयाचे. रंगाऱ्यास आगाऊ रक्कम दिलेली. तो शिडी घेऊन मागल्या दाराशीं आला, तेव्हां मादी अंड्यांवर बसलेली होती. घरट्याच्या दारांतून तिची चोंच तेवढी बाहेर दिसत होती.

"मास्तर, ही घाण काढून टाकूं ना?" त्यानें विचारलें.

घाण नव्हे, घरटें आहे, असें सांगितल्यावर तो भला माणूस म्हणाला, "मग काठीनें अलगद उचलून त्या शेवग्यावर टांगतों. पांखराला काय, तिथंही बसेल."

पुष्कळ दयाळू माणसांची गफलत होते ती येथेंच. पक्ष्याच्या लेखीं घरटें आणि त्याची जागा ह्या दोन वेगळ्या वस्तु नसतात. घरटें दहा हात पलीकडे नेलें, तर मादी जुन्या जागेभोंवतीं घिरट्या घालीत राहण्याचा आणि तोंवर अंडीं थंड पडण्याचा संभव फार. मीं त्यास म्हटलें, "रंगारीबुवा, बाकी सारें घर करा, एवढी मागली भिंत महिनाभर राहूं द्या." त्याचें म्हणणेंही खोटें नव्हतें. एका भिंतीसाठीं पुन: परांची बांधावयाची, माणसें आणावयाचीं, त्याचे पैसे वेगळे पडणार. आमच्या सौभाग्यवतींचाही प्रथम कल त्याच्याच बाजूस होता. लग्नघर, मागल्या दारीं आचारी बसणार, पाण्याचीं पिंपें तेथेंच ठेवावयाचीं, आणि नेमकी तेवढीच भिंत काळवंडलेली! पाहुण्यांनीं काय म्हणावें? परंतु संध्याकाळीं पायरीवर तांदूळ निवडतांना त्या बराच वेळ त्या तारेकडे पाहत बसल्या आणि शेवटीं म्हणाल्या, "आपल्याकडे लग्न, तसें तिच्याकडे बाळंतपण. राहूं द्या ती भिंत." ह्यापुढें वाद उरला नाहीं. मागलें दार बंद झालें, आचाऱ्याची चूल बाजूच्या बोळांत गेली, आणि वेगळे पैसे मीं माझ्या पेन्शनींतून मोजले.

रंगाऱ्याचा प्रश्न असा सुटला. कॅमेऱ्याचा प्रश्न त्याहून नाजूक होता. घरट्याच्या दारापुढें मधुमालतीची एक डहाळी आडवी आली होती. माझा नातू म्हणाला, "आजोबा, एवढी डहाळी दोऱ्यानें मागें बांधली तर दार स्वच्छ दिसेल. फक्त फोटोपुरती!" ह्या 'फक्त फोटोपुरती'चा परिणाम मीं पाहिलेला होता. गतवर्षीं आमच्याच आळींत एका हौशी गृहस्थांनीं अशाच एका घरट्यापुढचीं पानें छाटलीं. चित्र उत्तम आलें; पिवळ्या जिवणीचीं दोन पिलें, चोंचीं उघडलेल्या, उजेड कसा अगदीं हवा तसा. पण जें कॅमेऱ्यास दिसलें तें कावळ्यासही दिसलें. तिसऱ्या दिवशीं पिशवी फाटून लोंबत होती. त्या चित्राची पुढें पुष्कळांनीं वाहवा केली. चित्रांतलीं पिलें आतां जगांत नाहींत, हें पाहणाऱ्यांस कसें कळावें?

म्हणून डहाळी जेथल्या तेथें राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीस मीं एक जुनें लुगडें आडवें बांधलें, त्यास चार बोटें भोंक ठेवलें, आणि आंत अंधारांत स्टुलावर बसून राहिलों. ह्या युक्तींत नवें कांहीं नाहीं. इंग्लंडांतील रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या बंधूंनीं १८९२ सालीं अंड्यांसह एका घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ सालीं घरट्यांविषयींचें त्यांचें सचित्र पुस्तक निघालें. पक्षी बुजूं नयेत म्हणून त्यांनीं बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करविला होता व त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह लपून बसण्याची सोय केली होती. त्रास व्हावयाचा तो चित्र घेणाऱ्यास व्हावा, पक्ष्यास होऊं नये, हें ह्या कलेचें पहिलें सूत्र त्या बैलाच्या पोटांत सिद्ध झालें म्हणावयाचें!

आपण फार जवळ गेलों आहों किंवा काय, हें ठरविण्यास मोजपट्टी लागत नाहीं. पक्षी स्वत:च तें सांगतो. चोंचींत किडा धरून आलेली मादी घरट्यांत न शिरतां दूर डहाळीवर बसून राहिली, शेपटी उडवीत चिवचिवाट करूं लागली, तर समजावें कीं आपणच वाटेंत आहों, व निमूटपणें मागें सरावें. पिलांस मधावर वाढवीत नाहींत. त्यांस किडे व कोळी भरवावे लागतात, आणि हें भरविणें दिवसभर चालतें. आपण अर्धा तास अडून बसलों, तर तितका वेळ तीं उपाशीं राहतात. मोबाइलवर नराचा आवाज वाजवून पक्षी बोलावण्याची रीतही अशीच टाकण्याजोगी. नरास वाटतें कीं कोणी प्रतिस्पर्धी आला, आणि ज्या वेळांत पिलांस घांस द्यावयाचा तो वेळ तो नसलेल्या शत्रूशीं भांडण्यांत घालवितो. आरशांत किंवा खिडकीच्या कांचेंत स्वत:चें प्रतिबिंब पाहूनही हे पक्षी असेच झगडत बसतात. तसें दिसल्यास आरशावर एखादें फडकें टाकावें.

ज्यांस छायाचित्रेंच काढावयाचीं आहेत, त्यांनीं घरटें सोडून फुलांकडे वळावें. पक्ष्याच्या मागें धांवूं नये. एक फूल निवडून त्याच्यासमोर बसावें, कारण मध भरून आला कीं शिंजीर त्याच फुलावर पुन: येतो. सूर्य आपल्या पाठीशीं असावा, नाहींतर नराची झळाळी न मिळतां काळी सावलीच हातीं लागते. सकाळचें कोंवळें ऊन उत्तम. पडदा एक हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ उघडेल असा ठेवावा, म्हणजे मानेची हालचाल स्थिर दिसते. हमिंगबर्डसाठीं मात्र एवढ्यानें भागत नाहीं. अमेरिकेंतील हॅरॉल्ड एजर्टन यांनीं विजेच्या अत्यंत क्षणिक झोताच्या साहाय्यानें त्याचे उडतांनाचे पंख चित्रांत थांबवून दाखविले. आणि ड्यू पाँट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनीं फावल्या वेळांत तीच साधना करून १९६० सालीं हमिंगबर्डांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आपला शिंजीर फुलाशेजारीं बसतो, हें आपल्यासारख्या साध्या कॅमेरेवाल्यांचें भाग्यच समजावयाचें.

तिकडील लोक परसांत साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. एक भाग साखर व चार भाग पाणी, असें त्याचें प्रमाण. पण ती बाटली वरचेवर धुवून पाणी बदलावें लागतें, कारण उन्हांत तें लवकर आंबतें. आपल्या हवेंत तर अधिकच. त्यापेक्षां जास्वंद लावावी, केळीस केळफूल येऊं द्यावें, कुंपणाशीं पांगाऱ्याची फांदी रोवावी, आणि झाडांवर किडीचें विष फवारण्याचें शक्य तों टाळावें. मध आपण देऊं शकूं. पण पिलांसाठीं लागणारा किडा कोणत्या बाटलींत भरून टांगणार?

एक गोष्ट कायद्याचीही सांगितली पाहिजे. आपल्या देशांतील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें संरक्षित रानपक्ष्यांच्या अंड्यांस व घरट्यांस इजा करणें किंवा उपद्रव देणें ह्याचाही समावेश 'शिकार' ह्या शब्दाच्या व्याख्येंत केला आहे. बंदूक न उचलतां, केवळ एका चित्राच्या लोभानें, सज्जन माणूसही शिकारी ठरूं शकतो, हें आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या घरट्याचें पुढें काय झालें, हें ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. पंधराएक दिवसांनीं पिलें निघालीं, मग नरही गाणें आटोपून किडे आणूं लागला, आणि आणखी दोन आठवड्यांनीं दारांतून दोन तोंडें एकदम बाहेर दिसूं लागलीं. लग्नास चार दिवस उरले असतां तीं उडालीं. पहिलें पिलूं एका झेपेंत शेवग्यावर पोहोंचलें. दुसरें तिसऱ्या प्रहरापर्यंत दारांतच बसून होतें. मादी किडा दाखवून त्यास बोलावी, पण जवळ जाऊन देत नसे. अखेर भुकेनें भीतीवर मात केली. ह्यांतलें मीं कांहींच पाहिलें नाहीं. त्या दिवशीं मी गांवांत लग्नपत्रिका वाटीत फिरत होतों. पाहिलें तें सौभाग्यवतींनीं, तांदळाचें सूप मांडीवर घेऊन. माझ्याजवळ ह्या विणीचीं एकंदर एकोणीस छायाचित्रें आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकांत मधुमालतीचें एक पान आडवें आलेलें आहे. लग्नांत एकदोघांनीं काळ्या भिंतीविषयीं विचारलेंही. त्यांस ती रिकामी पिशवी दाखविली, तेव्हां मुलांपेक्षां मोठीं माणसेंच तिच्याखालीं अधिक वेळ उभीं राहिलीं.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरामागें आतां परसूं उरलें नसेल. गॅलरींतील दोन कुंड्याच असतील. शिंजिरास तेवढें पुरतें. कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर, बंद दिव्याच्या तारेवर, कुंडींतल्या वेलीवर तो घर मांडतो. उद्यां झाडलोट करतांना अशा जागीं लोंबणारा केर दिसला, तर केरसुणी लावण्यापूर्वीं क्षणभर थांबून पाहावें. त्यास बाजूनें लहानसें दार असेल, तर दीड महिना ती जागा त्याच्या स्वाधीन करावी. भाडें मिळणार नाहीं. पण शेजार चांगला लाभेल. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.